मी कोण? — किशोरवयातील आत्मसन्मान आणि स्वत्वाची जडणघडण

(कुटुंबात एकत्र वाचून विचार करण्यासाठी अभ्यासलेख)

सचिन, भेस्तान, उधना या परिसरात राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांतील तेरा-चौदा वर्षांच्या मुलाची अथवा मुलीची दिनचर्या क्षणभर डोळ्यांपुढे आणावी. सकाळी घरात आईशी बोलणे होते ते मराठीत, आणि मूळ गाव खानदेशात असेल तर बहुधा अहिराणीत. दुकानात व शेजारी बोलावयाचे ते गुजरातीत. औद्योगिक वसाहतीत निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या लोकांशी व्यवहार होतो तो हिंदीत. शाळेच्या पुस्तकांत आणि मोबाइलच्या पडद्यावर इंग्रजी असते. एका दिवसात चार भाषा सहज हाताळणारे हे मूल वास्तविक किती समर्थ! परंतु हेच मूल एके दिवशी आईस म्हणते, "शाळेच्या फाटकापाशी आलीस तर माझ्याशी मोठ्याने मराठीत बोलू नकोस." आईच्या काळजास ते शब्द लागतात. वडील त्यास उद्धटपणा म्हणतात. आजी म्हणते, "पोर बदलले."

पोर बदललेले असते हे खरे. परंतु त्या बदलाचा अर्थ आपण समजून घेतला पाहिजे. आईचा अनादर करावा हा त्या मुलाचा हेतू नसतो. त्याच्या मनात एक प्रश्न नव्याने जागा झालेला असतो : मी कोण? लोक मला कोण समजतात? आणि त्यांनी मला जसे समजावे असे मला वाटते, तसा मी आहे काय? या प्रश्नाचे उत्तर मुलास कसे सापडते, त्यावर त्याचा पुढील आत्मविश्वास, त्याचे शिक्षण, त्याची संगत आणि क्वचित त्याचे प्राणही अवलंबून असतात. म्हणूनच हा विषय केवळ शिक्षकांचा अथवा वैद्यांचा नाही. तो प्रत्येक घराचा आहे.

प्रस्तुत लेखाचे सार आरंभीच सांगून ठेवतो. आत्मसन्मान स्तुती करून देता येत नाही, आणि घरची ओळख लपवूनही तो लाभत नाही. विश्वासाने सोपविलेले काम, चुकल्यावरही न तुटणारी माया आणि आपल्या सर्व ओळखी एकत्र नांदविण्याची मोकळीक, या तीन गोष्टींवर तो उभा राहतो.

किशोरवयात काय घडते

जागतिक आरोग्य संघटना दहा ते एकोणीस वर्षे या वयास किशोरवय मानते. या काळात शरीर झपाट्याने वाढते. मुलाचा आवाज फुटतो, मुलीस मासिक पाळी सुरू होते, चेहऱ्यावर मुरुमे येतात, उंची एकदम वाढते अथवा वाढतच नाही. कालपर्यंत आपल्या शरीराचा विचारही न करणारे मूल आरशापुढे रेंगाळू लागते. त्याबरोबरच बुद्धीतही मोठे स्थित्यंतर होते. लहान मूल जे दिसते त्याचा विचार करते. किशोर जे दिसत नाही त्याचाही विचार करू शकतो. 'असे असते तर काय झाले असते?' हा विचार त्यास आता करता येतो. दुसऱ्याच्या मनात आपल्याविषयी काय चालले असेल, याची कल्पनाही तो करू लागतो.

डेव्हिड एल्काइंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६७ साली या वयाच्या एका विशेषाकडे लक्ष वेधले. किशोरास असे वाटते की, आपल्याभोवती सदैव एक प्रेक्षकवर्ग जमलेला आहे आणि तो आपल्या प्रत्येक हालचालीकडे टक लावून पाहत आहे. सदऱ्यावरचा डाग, चपलेचा तुटलेला अंगठा, आईच्या बोलण्यातील खानदेशी हेल, हे सर्व त्या कल्पित प्रेक्षकांस दिसते व ते हसतात, असे त्यास वाटते. फाटकापाशी मराठी न बोलण्याची विनंती या भयातून उपजलेली असते. आजच्या पिढीच्या बाबतीत तर हा प्रेक्षकवर्ग सर्वस्वी कल्पितही उरलेला नाही. मोबाइलवर टाकलेल्या छायाचित्रास किती जणांनी पसंती दिली, याचा आकडा त्यांच्या डोळ्यांपुढे खराखुरा झळकत असतो.

म्हणून मुलाच्या लाजेस हसू नये. मोठ्यांना क्षुल्लक वाटणारी गोष्ट त्या वयात क्षुल्लक नसते.

आत्मसन्मान आणि अहंकार

आपल्या भाषेत अहंकार, अभिमान, स्वाभिमान आणि आत्मसन्मान असे निरनिराळे शब्द आहेत व त्यांच्या छटाही निरनिराळ्या आहेत. 'मी इतरांहून श्रेष्ठ आहे' असे म्हणणारा अहंकार होय. 'मी इतरांइतकाच माणूस आहे. माझ्यात गुण आहेत, उणिवाही आहेत, तरी माझे मोल आहे' असे शांतपणे मानणारा तो आत्मसन्मान. अहंकारास सतत प्रेक्षक लागतात. आत्मसन्मान एकांतातही टिकतो. मॉरिस रोझेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने १९६५ साली किशोरांच्या आत्मप्रतिमेविषयी ग्रंथ प्रसिद्ध केला आणि आत्मसन्मान मोजण्यासाठी दहा विधानांची एक प्रश्नावली सिद्ध केली. ती आजही जगभर वापरली जाते. त्यानेही हाच भेद केला होता. आत्मसन्मान म्हणजे स्वतःस 'सर्वोत्तम' समजणे नसून 'पुरेसा चांगला' समजणे होय, असे त्याचे म्हणणे होते.

त्याही पूर्वी, १८९० साली, विल्यम जेम्स या तत्त्वज्ञाने एक मार्मिक गणित मांडले होते. माणसाचा आत्मसन्मान म्हणजे त्याच्या यशास त्याच्या आकांक्षांनी भागले असता येणारी संख्या. यश वाढले तर ती संख्या वाढते, हे उघड आहे. परंतु आकांक्षांचा छेद भलताच मोठा केला तर चांगले यशही अपुरे वाटू लागते. दहावीत ८२ टक्के गुण मिळवून मूल घरी येते आणि घरातील पहिला प्रश्न असतो, "शेजारच्या मुलास किती?" या एका प्रश्नाने आपण छेद वाढवितो आणि मुलाचे ८२ कवडीमोल करून टाकतो.

या वयात मुलांचा आत्मसन्मान हटकून कोसळतोच, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. ती पूर्णतः खरी नाही. २०१८ साली उलरिख ओर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,६०,००० हून अधिक व्यक्तींविषयीच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यांना असे आढळले की, अकरा ते पंधरा या वयात आत्मसन्मान सरासरीने फारसा वाढतही नाही, घटतही नाही; पंधरानंतर मात्र तिशीपर्यंत तो चांगलाच वाढत जातो. यात पालकांनी दोन गोष्टी पाहाव्यात. एक म्हणजे, हा काळ थांबल्यासारखा वाटला तरी पुढे वाट आहे. दुसरी म्हणजे, सरासरी ही सरासरीच असते. आपले मूल त्या सरासरीच्या खाली जात असेल तर तिकडे आपणच लक्ष दिले पाहिजे.

स्तुतीविषयीही दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे. मुलास सारखे "तू फार हुशार आहेस" असे म्हटले की त्याचा आत्मविश्वास वाढेल, असे आपणास वाटते. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक या दोघींनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाचवीच्या मुलांना काही कोडी सोडवावयास दिली. नंतर काहींच्या बुद्धीची आणि काहींच्या परिश्रमाची स्तुती केली. पुढे अवघड कोडी आली व अपयश पदरी पडले तेव्हा बुद्धीची स्तुती झालेली मुले लवकर खचली. परिश्रमाची स्तुती झालेली मुले चिकाटीने प्रयत्न करीत राहिली. कारण उघड आहे. 'हुशार' ही पदवी एकदा मिळाली की ती हरविण्याची भीती मागे लागते. 'मेहनत केलीस' या शब्दांत मात्र पुन्हा मेहनत करण्याचा मार्ग मोकळा राहतो.

स्वत्वाचा शोध

स्वत्वाच्या प्रश्नास शास्त्रीय विचारात मानाचे स्थान मिळवून देणारे गृहस्थ म्हणजे एरिक एरिक्सन. त्यांचे स्वतःचे बालपणच या प्रश्नाचे उदाहरण होते. १९०२ साली जर्मनीत त्यांचा जन्म झाला. आई डेन्मार्कची ज्यू स्त्री. जन्मदाता पिता कोण हे त्यांना कधीच कळले नाही. सावत्र वडील ज्यू डॉक्टर होते. मुलगा उंच, गोरा व निळ्या डोळ्यांचा असल्यामुळे ज्यू प्रार्थनामंदिरातील मुले त्यास परका म्हणून चिडवीत, आणि शाळेतील जर्मन मुले त्यास ज्यू म्हणून दूर ठेवीत. दोन्ही अंगणांत तो उपराच ठरला. या मुलाने पुढे अमेरिकेत जाऊन १९५० साली 'बाल्य आणि समाज' या विषयावरचा विख्यात ग्रंथ लिहिला आणि असे प्रतिपादन केले की, 'मी कोण?' या प्रश्नाचे सुसंगत उत्तर घडविणे हे किशोरवयाचे मुख्य कार्य होय. १९६२ साली ते अहमदाबादेस आले असता १९१८ च्या गिरणी संपातील महात्मा गांधींच्या कार्याने ते भारावले आणि त्यांनी गांधीजींवर मोठा ग्रंथ लिहिला. तो १९६९ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे या शास्त्राचा एक धागा आपल्या गुजरातच्या भूमीतूनही गेलेला आहे.

एरिक्सन यांचा विचार जेम्स मार्शिया यांनी १९६६ साली पुढे नेला. त्यांनी किशोरांच्या चार अवस्था सांगितल्या. त्या आपल्या परिसरातील उदाहरणांनी समजून घेऊ.

पहिली अवस्था विखुरलेपणाची. मुलाने शोधही घेतलेला नाही आणि काही ठरविलेलेही नाही. जिकडे मित्र जातील तिकडे तो जातो. पुढे काय करणार असे विचारले की खांदे उडवितो.

दुसरी अवस्था उसन्या ओळखीची. वडील लूमखात्यात आहेत म्हणून मुलगा लूमखात्यात जातो. काकांनी सांगितले म्हणून मुलगी एखादी शाखा निवडते. निवड वाईट असेलच असे नाही, परंतु ती स्वतःच्या विचारातून आलेली नसते. पहिल्या मोठ्या धक्क्यास अशी ओळख तडकण्याचा संभव असतो.

तिसरी अवस्था शोधाची. मूल प्रश्न विचारते, वाद घालते, आज एक छंद तर उद्या दुसरा धरते. पालकांना सर्वाधिक त्रास याच अवस्थेचा होतो. आणि वाढीचे सर्वांत आशादायक लक्षणही हेच असते.

चौथी अवस्था सिद्ध ओळखीची. पाहून, तपासून, पारखून मूल एखादी वाट आपली म्हणून स्वीकारते. ती वाट कदाचित वडिलांचीच असेल. परंतु आता ती वारशाने मिळालेली न राहता स्वीकारलेली असते.

या चार अवस्था पायऱ्यांसारख्या क्रमानेच येतात असे नाही. परंतु तिसरी टाळून चौथी सहसा येत नाही, एवढे पालकांनी ध्यानी ठेवावे. प्रश्न विचारणाऱ्या मुलास गप्प बसविले तर तो आज्ञाधारक होईल. दृढ होईलच असे नाही.

कवळाण्याचा गोपाळ आणि बडोद्याचे सयाजीराव

मराठी मुलगा गुजरातेत आला आणि त्याचे स्वत्व येथे घडले, याचे थोर उदाहरण आपल्या शेजारीच आहे. सचिनच्या दक्षिणेस नवसारी आहे. हा प्रांत स्वातंत्र्यापूर्वी बडोदे संस्थानाचा भाग होता. त्या संस्थानाचे अधिपती सयाजीराव गायकवाड यांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या लहानशा गावी शेतकरी कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव गोपाळराव. मल्हारराव गायकवाड यांना १८७५ साली पदच्युत केल्यावर खंडेराव महाराजांच्या पत्नी जमनाबाई यांनी गायकवाड घराण्याच्या दूरच्या शाखेतील या मुलास दत्तक घेतले. त्या वेळी त्याचे वय बारा वर्षांचे होते. त्यास लिहिता-वाचता येत नव्हते.

ऐन किशोरवयाच्या उंबरठ्यावर या मुलाचे नाव बदलले, गाव बदलले, आई बदलली, भोवतीची भाषा बदलली. ओळखीचा एवढा मोठा उलथापालथ करणारा प्रसंग क्वचितच कोणावर आला असेल. त्या मुलास 'मी कोण?' हा प्रश्न किती तीव्रतेने पडला असेल, याची कल्पना आपण करावी.

त्याचे स्वत्व कसे घडले? तीन गोष्टी ठळकपणे दिसतात. पहिली म्हणजे पुरेसा अवधी. गादी मिळाली म्हणून लगेच कारभार हाती दिला गेला नाही. सहा वर्षे शिक्षणास दिली गेली. एलियट नावाच्या इंग्रज शिक्षकाच्या देखरेखीखाली मराठी, गुजराती, उर्दू व इंग्रजी या भाषा त्याने शिकून घेतल्या. दुसरी गोष्ट म्हणजे क्रमाक्रमाने सोपविलेली जबाबदारी. दिवाण सर टी. माधवराव यांनी राज्यकारभाराची तत्त्वे समजावून देणारी व्याख्याने या तरुणापुढे दिली. ती १८८१ साली पुस्तकरूपाने छापली गेली. त्याच वर्षी २८ डिसेंबर रोजी, वयाच्या अठराव्या वर्षी, सयाजीरावांना राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले. तिसरी गोष्ट म्हणजे आपल्या माणसांची सोबत. त्यांचे बंधू संपतराव हेही बडोद्यातच राहिले व तेथील सार्वजनिक जीवनात नावारूपास आले. जुने सर्व तोडून नवे लादले गेले असे झाले नाही.

याचे फळ काय झाले? सयाजीराव गुजराती प्रजेचे राजे झाले. त्यांच्या राज्यकारभारात गुजराती भाषेस मानाचे स्थान मिळाले. मराठी त्यांनी सोडली नाही. बडोद्यात मराठी साहित्य संमेलने भरली, मराठी व गुजराती या दोन्ही भाषांतील ग्रंथांना त्यांनी उदार आश्रय दिला. ज्या मुलास बाराव्या वर्षापर्यंत अक्षरओळख नव्हती, त्याने १८९३ साली अमरेली भागात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ साली ते साऱ्या संस्थानास लागू केले. स्वतःच्या जीवनातील उणीव त्यांनी लपविली नाही. तिचेच त्यांनी लोककार्य केले.

कोणी म्हणेल, ते राजे होते, त्यांना शिक्षक व साधने मिळाली. आमच्या मुलास काय? हा आक्षेप रास्त आहे. बारा तासांची पाळी करून आलेल्या पित्यापाशी माधवरावांसारखी व्याख्याने देण्याचा अवकाश नसतो. परंतु त्या घडणीतील मुख्य द्रव्ये पैशाने विकत मिळत नाहीत. अवधी देणे, टप्प्याटप्प्याने जबाबदारी सोपविणे आणि जुन्या मुळांना न तोडणे, ही तिन्ही एका खोलीच्या घरातही शक्य आहेत.

दोन अंगणांची मुले

आपली मुले दोन अंगणांत वाढत आहेत. कोणी त्यांना विचारते, "तू गुजराती की मराठी?" गावी गेले की तिकडचे लोक म्हणतात, "हे सुरतवाले." हा पेच दूर करण्यासाठी काही मुले घरची भाषा टाकून देतात. काही मुले उलटपक्षी भोवतालच्या समाजापासून फटकून राहतात. कित्येक तर दोन्हीकडून तुटतात.

जॉन बेरी, जीन फिनी व त्यांचे सहकारी यांनी २००६ साली तेरा देशांतील स्थलांतरित कुटुंबांच्या पाच हजारांहून अधिक किशोरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या मुलांनी घरची संस्कृती व भोवतालच्या समाजाची संस्कृती या दोन्हींशी नाते जोडले होते, त्यांचे मानसिक स्वास्थ्य व शाळेतील वर्तन एकंदरीत सर्वांत चांगले आढळले. दोन्हीकडून तुटलेली मुले सर्वांत अडचणीत होती. आपण परदेशात नाही, आपल्याच देशात आहोत. तरी तत्त्व येथेही लागू पडते. एक ओळख टाकली म्हणजे दुसरी बळकट होते, हा भ्रम आहे.

सचिनची भूमीही हेच सांगते. आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींचे एक घराणे कोकणात जंजिऱ्यास नांदले. त्यातील वारसाने १७९१ साली पेशव्यांशी करार करून जंजिऱ्यावरील हक्क सोडला व सुरतेजवळचा हा मुलूख घेतला. असे सचिन संस्थान निर्माण झाले. १९४८ साली ते मुंबई राज्यात विलीन झाले, आणि १ मे १९६० रोजी राज्याचे विभाजन झाल्यावर हा भाग गुजरात राज्यात आला. आफ्रिका, कोकण व गुजरात यांचे धागे ज्या मातीत गुंतले आहेत, तेथे खानदेशचा धागा परका का वाटावा?

घरच्या बोलीची लाज वाटणाऱ्या मुलांना बहिणाबाई चौधरी यांची कथा अवश्य सांगावी. जळगावजवळच्या आसोदे गावी १८८० साली जन्मलेल्या या शेतकरी स्त्रीस लिहिता येत नव्हते. जात्यावर, शेतात, चुलीपाशी ज्या घरगुती बोलीत त्या बोलत, त्याच बोलीत त्यांनी ओव्या व गाणी रचली. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या निवर्तल्या. त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी ती गाणी आचार्य अत्रे यांना दाखविली, आणि १९५२ साली अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. ज्या बोलीस शहरी लोक गावंढळ म्हणत, त्याच बोलीने मराठी काव्यास अमोल धन दिले. फाटकापाशी ज्या हेलाची लाज वाटते, त्या हेलाची ही योग्यता आहे, हे मुलांना ठाऊक तरी असू द्यावे.

घरात काय करावे

१. चूक झाली असता माया तोडू नये. गांधीजींनी आपल्या आत्मकथेत पंधराव्या वर्षीचा एक प्रसंग सांगितला आहे. भावाचे कर्ज फेडण्यासाठी त्याच्या कड्यातील सोन्याचा तुकडा त्यांनी चोरला. मन खाऊ लागले तेव्हा कबुलीची चिठ्ठी लिहून आजारी वडिलांच्या हाती दिली. वडिलांनी ती वाचली, त्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहिले, त्यांनी चिठ्ठी फाडून टाकली आणि मुलास शब्दानेही दुखविले नाही. त्या अश्रूंनी जे साधले ते चाबकाने साधले नसते. मुलाचे कृत्य निंद्य ठरले, मुलगा निंद्य ठरला नाही.

२. खरे काम सोपवावे. मुलास घरातील विजेचे देयक भरण्याचे, बँकेतील अर्ज लिहिण्याचे, आजीस दवाखान्यात नेण्याचे काम द्यावे. आपल्या मंडळांच्या उत्सवांतही मुलांना केवळ खुर्च्या उचलावयास न सांगता जमाखर्चाची वही लिहू द्यावी, कार्यक्रमाची आखणी करू द्यावी. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते व तेथील छात्रालयही सांभाळीत. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडीत, आणि मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढीत. उधन्याहून जळगावास जाणाऱ्या गाडीने गावी जाताना अमळनेर स्थानक लागते. तेव्हा मुलांना ही हकीकत सांगावी. आपल्यासाठी कोणी एवढे श्रम घेतो, या जाणिवेने मुलास स्वतःचे मोल कळते.

३. तुलना टाळावी. तुलना करावयाचीच तर मुलाच्या कालच्या स्थितीशी आजच्या स्थितीची करावी.

४. मुलींचा विचार वेगळा करावा. मुलगी वयात आली की पुष्कळ घरांत तिचे जग एकदम आकुंचित होते. बाहेर जाणे कमी, खेळणे बंद, घरकाम दुप्पट, आणि बोलण्यात लग्नाचा विषय. तिच्या शरीरात जे स्वाभाविक घडले त्याची तिला लाज शिकविली जाते. ज्या वयात भावास स्वतःस शोधण्याची मोकळीक मिळते, त्याच वयात बहिणीस उसनी ओळख दिली जाते. मासिक पाळीविषयी आईने आधीच मोकळेपणाने सांगावे, आणि मुलीचे शिक्षण व खेळ अखंड चालू ठेवावेत. कायद्याप्रमाणे अठरा वर्षांपूर्वी तिचा विवाह करता येत नाही, हेही सर्वांनी ध्यानी ठेवावे.

५. रंगरूपावरून थट्टा करू नये. 'काळी', 'जाडा', 'बुटका' ही घरात लाडाने दिलेली नावे बाहेरच्या टिंगलीपेक्षा खोल रुततात, कारण ती आपल्या माणसांनी दिलेली असतात.

६. धोक्याची चिन्हे ओळखावीत. मूल अनेक आठवडे उदास असेल, मित्रांना टाळू लागले असेल, झोप व जेवण बिघडले असेल, "मी कोणाच्या कामाचा नाही" अथवा "मी नसतो तर बरे झाले असते" असे बोलत असेल, तर ते नाटक समजू नये. विशेषतः परीक्षेच्या निकालाच्या दिवसांत सावध असावे. त्यास एकटे न सोडता जवळ बसावे, ऐकावे आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. शासनाची टेलि-मानस ही मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. मुलांच्या साहाय्यासाठी १०९८ हा क्रमांक आहे. ताप आल्यावर डॉक्टरकडे जाण्यात जशी लाज नाही, तशीच मनाच्या दुखण्यातही नसावी.

समारोप

फाटकापाशी मराठी बोलू नकोस असे म्हणणाऱ्या मुलास आईने काय उत्तर द्यावे? रागावून चार लोकांत मुद्दाम मोठ्याने बोलू नये. दुखावून कायमचे मौनही धरू नये. त्या दिवशी त्याची विनंती मान्य करावी. रात्री जेवणानंतर शांतपणे विचारावे, "तुला कोणी काही बोलले का?" त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकावे. मग आपण कोठून आलो, गाव का सोडावे लागले, येथे पहिल्या दिवसांत कशी दशा झाली, हे त्यास सांगावे. आईवडिलांच्या कष्टांचा इतिहास ज्यास ठाऊक आहे, त्यास त्यांच्या बोलण्याची लाज फार दिवस वाटत नाही. आणि वाटलीच, तरी ती वयाबरोबर ओसरते. तोवर आपण धीर धरावा.

झाड लावणारा रोपास रोज उपटून मुळे किती वाढली हे पाहत नाही. तो पाणी घालतो, कुंपण करतो आणि वाट पाहतो. किशोरवयीन मुलांच्या बाबतीत आपलेही कर्तव्य याहून निराळे नाही.

कुटुंबात विचारात घ्यावयाचे प्रश्न

१. आपल्या घरात मुलाच्या निर्णयावर सोपविलेली अशी कोणती कामे आहेत?

२. गेल्या आठवड्यात आपण मुलाच्या श्रमाचे कौतुक किती वेळा केले, आणि त्याची तुलना दुसऱ्याशी किती वेळा केली?

३. आपल्या मुलांना आजोबा-आजींच्या गावाची, व्यवसायाची व स्थलांतराची हकीकत ठाऊक आहे काय?

४. मुलगा व मुलगी यांना आपण सारखी मोकळीक देतो काय? देत नसल्यास, त्याचे कोणते कारण आपण मुलीस समोर बसवून सांगू शकू?

५. मुलांनी सांगावे : घरातील कोणत्या गोष्टीचा तुम्हांस अभिमान वाटतो, आणि कोणती गोष्ट मित्रांपासून लपवावीशी वाटते? मोठ्यांनी हे उत्तर मध्ये न बोलता ऐकून घ्यावे.